फ्लूची लस आणि ‘४.४ पट’

‘फ्लूची लस टोचली की दुसरेच आजार मागे लागतात’ असे म्हणणारे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगमधील एका संशोधनाचा दाखला देतात. त्यात ११५ मुलांपैकी ६९ जणांना लस व ४६ जणांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. लस घेतलेल्यांत इतर श्वसन-विषाणूंची लागण ४.४ पट आढळली. आकडा खरा आहे. आमचा आक्षेप त्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

एक तर मुले थोडी. त्यामुळे ही पट १.३१ ते १४.८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असे त्याच निबंधात नोंदवले आहे. दुसरे, श्वसनाच्या एकूण आजारपणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तिसरे, तपासले ते विषाणू; फ्लूच्या पाठोपाठ येणारे घातक दुय्यम संसर्ग मात्र बहुधा जिवाणूंचे असतात. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो, मग एरवी घशात निमूट राहणारा न्यूमोकॉकस फुप्फुसात उतरतो. १९१८च्या साथीतील बहुतेक मृत्यू अशा न्यूमोनियानेच झाले. लस फ्लूला पूर्णपणे रोखत नाही, पण जेवढा रोखते तेवढा हा धोकाही टळतो.

२००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला नोंदलेला बळी पुण्यात घेतला. त्याच जिल्ह्यातील भोर तालुक्यात, उत्रोलीसारख्या गावात, एखाद्या दमेकरी आजीने ऐकीव आकड्यापायी लस नाकारली तर नुकसान तिचेच. म्हणून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवू या : किती जणांत? कोणता संसर्ग? आणि एकूण आजारपण वाढले का?