पर्यावरण कोणाचं? अमिता बाविस्करांचं लेखन परभणीतून वाचताना

समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांची दोन पुस्तकं आज आपण समोर ठेवू. १९९५चं ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ नर्मदेकाठच्या भिलाला आदिवासींवर आहे, तर २०२०चं ‘अनसिव्हिल सिटी’ दिल्लीवर. मध्ये पंचवीस वर्षं गेली, पण प्रश्न तोच राहिला: पर्यावरण म्हणता ते कोणाचं?

बाविस्कर आपल्या बाजूच्या माणसांनाही सूट देत नाहीत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. नर्मदा आंदोलनाबद्दल त्यांना आस्था आहे. तरी आदिवासी म्हणजे निसर्गपूजक हे गोड चित्र त्यांनी स्वीकारलं नाही; पोटासाठी तो जंगल तोडून शेत काढतो, हेही लिहिलं. दिल्लीत तीच नजर मध्यमवर्गाकडे वळली. जानेवारी १९९५मध्ये अशोक विहारच्या बागेत शौचाला गेलेल्या झोपडपट्टीतल्या तरुणाला रहिवासी आणि पोलिसांनी मारहाण केली. त्यात तो मेला. २००४ साली यमुना पुश्त्यावरच्या झोपड्या पाडल्या. पुढे त्याच नदीच्या पूरपात्रात राष्ट्रकुल क्रीडाग्राम उभं राहिलं! झोपडीनं नदी बिघडते अन् इमारतीनं बिघडत नाही, हा कुठला न्याय? या वृत्तीला त्या ‘बूर्झ्वा पर्यावरणवाद’ म्हणतात.

ही संकल्पना जशीच्या तशी परभणीला लावता येईल का? आम्हाला वाटतं, नाही. २०११ साली इथं महानगरपालिका झाली, पण इथला सुखवस्तू माणूस शहर सुंदर करा म्हणून कोर्टात जात नाही. नळ आला नाही तर तो अंगणात बोअर मारतो, जार मागवतो आणि पालिकेचा नाद सोडतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्येच साठतं. एकाची बोअर खोल गेली, की शेजारच्या वस्तीतला हातपंप आटू शकतो. कोणी कोणाला हाकललं नाही, मारलं नाही. म्हणून अन्याय झाला असं कोणी म्हणतही नाही.

दिल्लीचा धनिक म्हणतो, ‘तू इथं नको.’ आपला म्हणतो, ‘तुझं तू बघ.’ पहिल्याविरुद्ध निदान मोर्चा निघतो. दुसऱ्याविरुद्ध कोणाच्या दारात जायचं?

बाविस्करांच्या मांडणीत ही दुसरी तऱ्हा पुरेशी येत नाही, एवढाच आमचा आक्षेप आहे. ती मांडायची तर पद्धत मात्र त्यांचीच घ्यावी लागेल: वस्तीत जाऊन राहायचं, दिसेल ते लिहायचं, आणि आपल्या अंगणातली बोअरही त्यात मोजायची.