चौकटीतले बेट : छायाचित्र, दुर्गमता आणि साष्टी

बेटाच्या छायाचित्रात प्रेक्षकाला प्रथम जाणवते ते अंतर. पाणी, ओसाड किनारा आणि एखादी एकाकी आकृती एवढ्या सामग्रीतून 'दुर्गमता' सिद्ध होते. ती भूगोलातून आपोआप येत नाही. ती चौकटीने केलेले विधान असते. मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टीवर वसली, ते बेट आहे याचेच विस्मरण रहिवाशांना झाले आहे. छायाचित्रे मात्र त्याच्या कडेचे निवडक तुकडे 'बेट' म्हणून पुन्हा घडवीत असतात.

या घडणीला पूर्वेतिहास आहे. मुंबईत 1854 मध्ये छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी निगडित असलेल्या विल्यम जॉन्सनने 1863 व 1866 मध्ये मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत माणसे एकीकडे टिपलेली, पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि दोहोंचा सांधा नंतर जुळविलेला आहे. तत्कालीन तंत्राच्या मर्यादा मान्य केल्या तरी या रीतीमागील गृहीतक लपत नाही. माणूस भूमीपासून सुटा करता येतो आणि 'नमुना' म्हणून अन्य दृश्यावर ठेवता येतो, हे ते गृहीतक होय.

पॉल स्ट्रँडने 1954 मध्ये स्कॉटलंडच्या हेब्रिडीज द्वीपसमूहातील साउथ युइस्ट बेटावर जे काम केले, ते याच्या विरुद्ध टोकाचे आहे. बेसिल डेव्हिडसनच्या लेखनासह ते 1962 मध्ये ग्रंथरूपाने आले. येथील माणसे आपल्याच भिंतीशी, आपल्याच दाराशी उभी आहेत. व्यक्तिचित्रांना नावे आहेत. तरीही स्ट्रँडची स्थिर, गंभीर रचना बेटाला काळाबाहेर नेते, हा आक्षेप उरतोच. त्या आक्षेपाला इतिहासाने धार आणली. 1955 मध्ये याच बेटावर क्षेपणास्त्र-चाचणीच्या तळाची योजना जाहीर झाली. 'दुर्गम' म्हणजे 'रिकामे' आणि 'रिकामे' म्हणजे 'उपलब्ध' ही अर्थसाखळी छायाचित्रकाराने निर्माण केली नव्हती. परंतु काळाबाहेरचे बेट दाखविणारी प्रतिमा तिला अडवूही शकत नाही.

साष्टीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडील मनोरी-गोराई-उत्तन पट्ट्याच्या प्रचलित छायाचित्रांत हीच साखळी दिसते. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, जुना क्रूस हे सारे खरे आहे. परंतु मार्वेहून माणसे आणणारी तर आणि पैलतीरावरच्या इमारती चौकटीबाहेर राहतात. त्यामुळे कोळी व ईस्ट इंडियन समाजांचे जीवन महानगराशी रोजच्या व्यवहाराने बांधलेले असूनही अवशेषासारखे भासते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पट्ट्यात पर्यटनाच्या विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला. जे दृश्य म्हणून पाहिले जात होते ते वस्ती आहे, हेच त्यांना सांगावे लागले.

वारशाच्या छायाचित्रांतही हा न्याय लागू पडतो. बोरिवलीजवळील कान्हेरीची लेणी बहुधा निर्मनुष्य टिपली जातात. वास्तविक तेथे इ.स. 1009 व 1021 मधील पहलवी लेख आहेत. पारशी अभ्यागतांनी ते कोरविले. दगडानेच येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवली, आणि कॅमेऱ्याने ती पुसली. ज्या राष्ट्रीय उद्यानात ही लेणी आहेत, तेथे आदिवासींचे पाडेही आहेत. अरण्य आणि अवशेष यांच्या निर्जन प्रतिमेत वाढलेल्या नजरेला हे पाडे सहजच 'अतिक्रमण' वाटू लागतात.

तेव्हा अशा छायाचित्रांची समीक्षा प्रकाश, पोत आणि रचना यांच्या विवेचनापाशी थांबू शकत नाही. चौकटीच्या कडेला काय कापले गेले, आणि त्या कापण्याचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी हवा. सौंदर्याची प्रतीती त्याने उणावत नाही. ती कोणत्या किमतीवर लाभली, एवढे मात्र कळते.