‘सांगत्ये ऐका’ : कबुलीजबाबापलीकडे

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन बहुधा धीट कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखकास ते वाचन अपुरे वाटते. बालवयातच घर चालविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या हंसाबाईंना विवाहानंतर चित्रपट सोडून संसार करावयाचा होता. मिळवत्या स्त्रीस ती मुभा मिळाली नाही. ‘संत सखू’ (१९४१), ‘रामजोशी’ (१९४७) यांची कीर्ती या सक्तीच्या श्रमावर उभी आहे. ‘भूमिका’त (१९७७) स्मिता पाटील यांनी ही घुसमट समर्थपणे साकारली, तरी पटकथेचा भर पुरुषसंबंधांवरच राहिला. शब्दांकन अरुण साधूंचे असल्याने निवेदनातील स्वर कोणाचा, हाही प्रश्न आहेच. शिवाय, स्वतःची कहाणी सांगतानाही शीर्षक आले ते त्यांनीच भूमिका केलेल्या १९५९ च्या तमाशापटाचे.