'नोंद सापडली नाही' म्हणजे 'चोरीची नाही' असं नव्हे

जरा कल्पना करा. अमेरिकेतल्या एका बंदुकीच्या दुकानात तुम्ही काउंटरमागे उभे आहात. एक माणूस वापरलेलं पिस्तूल विकायला घेऊन येतो. म्हणतो, वडिलांचं आहे. ते कुणाच्या घरातून उचललेलं नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

'तिथे बॅकग्राउंड चेक असतो ना!' हे उत्तर मी नेहमी ऐकते. असतो, पण कुणाचा? १९९८ पासून चालू असलेली एफबीआयची 'निक्स' यंत्रणा बंदूक घेणाऱ्या माणसाला तपासते, बंदुकीला नाही. दुकानदार स्वतः कुणाकडून बंदूक विकत घेतो, तेव्हा केंद्रीय कायद्यानुसार हा चेकही लागत नाही. विकणाऱ्याचं नाव-पत्ता, कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि सिरीयल नंबर वहीत उतरवला, की झालं.

चोरीच्या बंदुकांची यादी नाही असं नाही. एफबीआयच्या १९६७ साली सुरू झालेल्या 'एनसीआयसी' या संगणकीय नोंदींमध्ये ती आहे. पण वर्षानुवर्षं ती पोलिसांपुरतीच होती. दुकानदाराने ओळखीच्या ठाण्यात फोन करायचा आणि नंबर बघून देता का, असं विचारायचं. उलट कायदा काय म्हणतो? बंदूक चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असून ती घेणं-विकणं गुन्हा आहे. माझा पहिला आक्षेप इथेच आहे: जबाबदारी दुकानदारावर आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २०२२ च्या कायद्याने दुकानदारांना ही यादी पाहू देण्याची तरतूद केली, हे चांगलंच झालं. पण पाहणं ऐच्छिक ठेवलं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, दुकानदाराने यादी पाहिली आणि 'नोंद नाही' असं उत्तर आलं. मग बंदूक स्वच्छ का? छे! परवानाधारक दुकानदाराने चोरी ४८ तासांत कळवायची असते. सामान्य मालकावर मात्र असं केंद्रीय बंधन नाही. ते काही राज्यांतच आहे. तक्रार केली तरी नंबर हवा, आणि तो किती जणांकडे लिहिलेला असतो? सरकारकडे मालकांची देशव्यापी नोंदवही नाही. ती करायलाच १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. १९६८ पूर्वीच्या कित्येक बंदुकांवर तर नंबरच नाहीत. शिवाय दोन कंपन्यांचा नंबर सारखा असू शकतो. म्हणून नंबर जुळला तरी तो पुरावा नव्हे. पोलिसांना मूळ नोंद ताडून पाहावीच लागते.

आता हे नुसतं दुकानदारांवर ढकलू नका. आम्ही संशोधकही तेच करतो. माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात मी बिनदिक्कत 'चोरीला गेलेल्या बंदुका' असं लिहिलं होतं. गाइडनी समासात एवढंच विचारलं: 'चोरीला गेलेल्या, की नोंदवलेल्या?' अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

तेव्हा पुढच्या वेळी 'चेक केलं, काही निघालं नाही' असं कुणी सांगितलं, तर एकच विचारा: कुठल्या यादीत पाहिलं, आणि त्या यादीत लिहिणार कोण होतं? दुकानातला चेक कितीही चोख केला, तरी तो अवलंबून राहतो घरमालकाने कधीतरी लिहून ठेवलेल्या, किंवा न ठेवलेल्या, एका नंबरावर.