तंत्वर्बुदांचे संशोधन : काढलेली गाठ आणि न तपासलेली स्त्री

गर्भाशयातील तंत्वर्बुदे, म्हणजे दवाखान्यात ज्यांना ‘फायब्रॉइड’ किंवा नुसत्या ‘गाठी’ म्हणतात ती, यांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर आधारलेले आहे. ही पद्धती कोठवर पुरेशी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तिचे यश निर्विवाद आहे. प्रत्येक गाठ मूळच्या एकाच स्नायुपेशीपासून वाढते, हे तिच्यामुळेच कळले. २०११ साली हेलसिंकी येथील संशोधकांनी सुमारे ७० टक्के गाठींत ‘मेड-१२’ या जनुकात बिघाड दाखविला. मानवी गाठीचे ऊतक उंदरांत रोपून केलेल्या प्रयोगांत, एकट्या इस्ट्रोजेनने गाठ वाढत नाही, प्रोजेस्टेरॉनची जोड लागते, असे आढळले.

परंतु काढलेली गाठ ही बहुधा त्रास देऊन शस्त्रगृहापर्यंत पोहोचलेली गाठ होय. ती केव्हा उद्भवली आणि तिच्यासारख्या किती गाठी मूक राहिल्या, हे ती सांगू शकत नाही. वॉशिंग्टन येथे यदृच्छेने निवडलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी करण्यात आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या अंदाजानुसार, पन्नाशीपर्यंत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक, तर गौरवर्णीयांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना गाठी होतात. त्यांतील अनेकींना त्याची कल्पनाही नव्हती.

मराठवाड्यात ही उणीव अधिक गंभीर ठरते. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. पैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. हा आकडा शस्त्रक्रियांचा आहे, रोगाचा नव्हे. खाड्याचा दंड, कर्करोगाची भीती आणि खाजगी दवाखान्यातील सल्ला यांचाही त्यात वाटा असल्याचे त्या वेळी पुढे आले. अशा आकड्यावरून तंत्वर्बुदांचे प्रमाण काढणे अशास्त्रीय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत गर्भाशय काढण्याची कारणे नोंदविली गेली खरी. तथापि तंत्वर्बुद आणि द्रवकोश हे भिन्न विकार तेथे एकाच रकान्यात आले.

गंगाखेडसारख्या तालुक्यांतूनही कुटुंबे तोडीला जातात. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. विशीतील स्त्रियांची त्यांच्या संमतीने तोडीला निघण्यापूर्वी सोनोग्राफी करून ती दरवर्षी पुन्हा करणे, आणि काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून नोंद ठेवणे, ही दोन कामे येथे हाती घेण्याजोगी आहेत. पहिल्याने गाठीचा आरंभ कळेल. दुसऱ्याने शस्त्रक्रियेचे कारण खरोखर गाठ होती काय, याचा निर्णय लागेल.