गच्चीवरील उडी आणि रस्त्यावरील दोर

नृत्य, नाट्य आणि संगीत ह्या कलांची चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून नेहमी होते; कसरतीच्या वाट्याला मात्र टाळ्यांपलीकडे सहसा काही येत नाही. देवळाच्या प्रांगणात गोपाळकाल्याची हंडी फोडणारा गडी, मल्लखांबावर अंगाची कमान करणारा मुलगा, भर रस्त्यात दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर ह्यांच्याकडे आपण क्षणभर श्वास रोखून पाहतो, कौतुक करतो आणि पुढे निघतो. ह्या कसबालाही मूल्यमापनाच्या कसोट्या लावाव्यात असे आपल्याला वाटत नाही. ‘रूफ कल्चर एशिया’ हा २०१७ सालचा अनुबोधपट पाहिल्यावर ही उपेक्षा योग्य नव्हे असे माझे मत झाले. आणि तो पट मी सुरतेत राहून पाहिला, ह्या गोष्टीचाही त्या मतात वाटा आहे.

इंग्लंडमधील ‘स्टॉरर’ नावाच्या चमूतील सात तरुण आशिया खंडातील महानगरांत जातात आणि तेथील उंच इमारतींच्या गच्च्यांवरून शेजारच्या गच्च्यांवर उड्या घेतात, एवढेच ह्या पटाचे कथानक. हाँगकाँग, सोल आणि टोकियो ही त्यांच्या प्रवासातील नगरे. त्यांच्या विद्येचे नाव पार्कूर. भिंत, कठडा, जिना, पन्हळ असे जे जे नगराने माणसाची चाल अडविण्यासाठी किंवा वळविण्यासाठी उभे केले, ते कोणतेही साधन न घेता केवळ अंगबळाने आणि तोलाने ओलांडीत जाणे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल.

पटाचा गुण आधी सांगितला पाहिजे. उडी हा त्यातील सर्वांत लहान भाग आहे. तिच्या आधीचा थांबा हा खरा विषय. अंतराचा अंदाज घेणे, काठावर येऊन परत फिरणे, पाय ठेवण्याची जागा तपासणे आणि मनाची तयारी होईतो वाट पाहणे, ह्या गोष्टींना येथे मान मिळाला आहे. आपल्या साहित्यशास्त्राने उत्साह हा वीररसाचा आणि विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव मानला. सर्वसामान्य साहसपटांत प्रेक्षकाला विस्मय मिळतो, पण कर्त्याच्या मनातील भय त्याच्यापासून लपविले जाते; त्यामुळे उत्साहालाही वजन येत नाही. ह्या तरुणांचे भय आपल्याला दिसते, म्हणूनच त्यांचा निर्धारही आपल्याला पटतो. कसरत ही उतावळ्यांची विद्या नसून सावधपणाची विद्या आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारी कृती विरळाच म्हणावी लागेल.

परंतु पट संपल्यावर मनात एक उणीव राहते, आणि ती नगरांविषयीची आहे. तीन नगरे पाहिली, पण तीन निरनिराळी नगरे भेटली असे वाटत नाही. गच्ची कोणाची, तिच्याखाली कोण राहते, अनोळखी पावलांचा आवाज ऐकून घरातील वृद्धाला काय वाटले असेल, ह्या प्रश्नांना येथे फारच गौण जागा आहे. सुरतेच्या रहिवाशाला हे विशेष खटकेल. १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, सुरतेत अख्खे घर गच्चीवर राहायला येते. पतंग, फिरकी, उंधियू, शेजाऱ्यापाजाऱ्यांची हाकाटी, सारे तेथेच. गच्ची हे येथे घराचे अंगणच होय. तिला केवळ उडीचा फलाट मानणाऱ्या दृष्टीला त्या नगराचा अर्धाच अर्थ लागतो. दुसऱ्याच्या मिळकतीत शिरण्याचा कायद्याचा प्रश्न मी येथे काढीत नाही. कलेच्याच दृष्टीने पाहिले तरी, ज्या नगराच्या अडथळ्यांना उत्तर द्यावयाचे त्या नगराची ओळख नसेल तर ते उत्तरही सर्वत्र एकसारखेच येणार.

ह्या विद्येचा इतिहास पाहिला म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) ह्या फ्रेंच नौदल-अधिकाऱ्याने धावणे, चढणे, उडी, तोल, पोहणे, ओझे वाहणे अशा स्वाभाविक हालचालींवर एक व्यायामपद्धती उभारली. १९०२ साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला तेव्हा तो तेथील मदतकार्यात होता. बळ कमवावे ते उपयोगी पडण्यासाठी, हे त्याच्या शिकवणीचे सूत्र ठरले. पुढे रेमों बेल (१९३९–१९९९) ह्याने ही परंपरा आपलीशी केली. तो जन्मला व्हिएतनाममध्ये, वाढला दालात येथील फ्रेंच लष्करी शाळेत. १९५४ मध्ये फ्रान्सला गेला आणि कालांतराने पॅरिसच्या अग्निशामक दलात नावाजला. त्याचा मुलगा दाविद ह्याने पॅरिसनजीकच्या लिस गावात आपल्या सोबत्यांसह जी विद्या घडविली तीच आजची पार्कूर. म्हणजे एका फ्रेंच कल्पनेला आशियातील एका अनाथवत् मुलाच्या अंगातून आणि अग्निशामकाच्या शिडीवरून जावे लागले, तेव्हा तिचे आजचे रूप सिद्ध झाले. ‘रूफ कल्चर एशिया’ मधील उडी सुंदर आहे. ती कोणाच्या उपयोगी पडण्याची उडी होती, ही आठवण मात्र तीत उरलेली नाही.

आशियातील नगरे पालथी घालणारा कसरतपटू ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. १८७९ साली कियारिनी ह्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली, आणि १८८० साली विष्णुपंत छत्रे ह्यांनी आपली, म्हणजे पहिली भारतीय सर्कस उभी केली. ग्वाल्हेरीस अश्वविद्या आणि गायन ह्या दोहोंचे शिक्षण घेतलेला हा पुरुष. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ ह्यांचा सांभाळ त्यांनी केला आणि सर्कशीबरोबर त्यांनाही गावोगाव नेले. घोड्यांच्या टापा आणि ग्वाल्हेरचा ख्याल एकाच तांड्यातून फिरले. छत्र्यांचा तांडा उत्तरेत गेला, मद्रासेकडे उतरला, सिंहलद्वीप आणि आग्नेय आशियापर्यंत पोचला. मलबारातील तलश्शेरीस कीलेरी कुन्हिकण्णन ह्या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली. १९०१ साली कुन्हिकण्णन ह्यांनी चिरक्करा येथे सर्कशीची शाळा काढली, आणि पुढे भारतीय सर्कशीला कसरतपटू पुरविणारा प्रदेश म्हणून तलश्शेरीचा लौकिक झाला. छत्र्यांचा तंबू उठला, पण तलश्शेरीस विद्या राहिली.

प्रवासी कसरतपटूच्या मूल्यमापनाची कसोटी मला येथे सापडते. नगराकडून त्याने काय घेतले, आणि निघताना तेथे काय ठेविले? छत्र्यांनी तिकिटाचे पैसे घेतले व एका दूरच्या गावी शिष्यपरंपरेचे बीज टाकले. इंग्लंडच्या सात तरुणांनी गच्च्या घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात चित्र दिले. चित्र उत्तम आहे, परंतु ते जगातल्या प्रेक्षकांसाठी आहे, त्या घरांसाठी नाही.

ह्याच कसोटीला तिसरा प्रवासी लावून पाहावा. तो म्हणजे आपला डोंबारी, कोल्हाटी; गुजरातेतला नट. दोन जोड बांबू, एक दोर, एक ढोलकी, एवढी त्याची रंगभूमी. ती तो खांद्यावर घेऊन येतो, सुरतेच्या एखाद्या चौकात मांडतो आणि अर्ध्या तासात उचलतो. गच्चीवरील तरुणापेक्षा त्याचा तोल उणा नाही. पडला तर उपचाराची सोय मात्र नक्कीच उणी आहे. तरीही एकास आपण कलावंत म्हणतो आणि दुसऱ्यापुढे नाणे टाकतो. हा भेद केवळ आपल्या मनात असता तर गोष्ट वेगळी होती. तो कायद्यातही उतरला आहे.

मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षाप्रतिबंधक कायदा केला. सुरत त्या वेळी मुंबई राज्यातच होते; १ मे १९६० रोजी राज्याचे विभाजन झाल्यावर हा कायदा महाराष्ट्राप्रमाणे गुजरातच्याही वाट्याला आला. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे ह्याची त्यातील व्याख्या अशी व्यापक आहे की, गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे अशा मिषाने घेतलेला पैसाही तीत येतो. दोषी ठरणाऱ्यास प्रथम अपराधालाही एक ते तीन वर्षे निवासगृहात ठेवण्याची तरतूद त्यात केलेली आहे. दिल्लीला हाच कायदा लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. तो निर्णय दिल्लीपुरता आहे.

आता दुसरीकडे पाहावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क मान्य झाले. कलावंत कोण, हे सांगताना त्या कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक ह्यांच्याच पंक्तीला कसरतपटू, जादूगार आणि गारुडी ह्यांना बसविले. त्यांचा प्रयोग त्यांच्या संमतीवाचून मुद्रित करून त्यावर कमाई करता येऊ नये, असा ह्याचा आशय. म्हणजे दोरावरील तीच चाल एका कायद्याने भिक्षेचे मिष ठरते आणि दुसऱ्या कायद्याने कलाकृती. चौकातल्या खेळाचे चित्र भ्रमणध्वनीवर टिपून जगभर पाठविणाऱ्यास आपण कोणाचा हक्क हाताळीत आहोत ह्याची शंकाही येत नाही, कारण समोरच्याला त्याने मनातल्या मनात पहिल्या कायद्याखाली घातलेले असते.

डोंबाऱ्याची कड घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. दोरावर बहुधा मूल असते, आणि ते त्याच्या इच्छेने तेथे असते असे म्हणण्यास आधार नाही. सर्कशीत मुलांना कामास लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदीचा आदेश दिला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने बालकलावंतांना काही सवलत ठेविली, तीतूनही सर्कस वगळली. ही कठोरता योग्यच आहे. ह्या कलेचा मान राखावयाचा तो मोठ्यांच्या कसबाचा. पोरांच्या धोक्यावर रसिकता पोसता येणार नाही.

उडीविषयी सुरतेत बसून लिहिणाऱ्यास २४ मे २०१९ हा दिवस टाळता येत नाही. सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड ह्या इमारतीला त्या दिवशी आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. खाली येण्याची वाट ज्वाळांनी आणि धुराने बंद झाली. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, आणि ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. २२ विद्यार्थी गेले. एक तरुण इमारतीच्या बाहेरच्या अंगाने चढून मुलांना हात देत होता, तेही अनेकांनी पाहिले. त्या मुलांना कसरत येत असती तर ती वाचली असती, असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. जिना, मोकळी वाट आणि वेळेवर पोचणारी शिडी ह्यांची जबाबदारी इमारत बांधणाऱ्याची, ती चालविणाऱ्याची आणि नगराच्या व्यवस्थेची असते, कोवळ्या मुलांच्या पायांची नसते. परंतु ज्या नगराने ते पाहिले त्याला गच्चीच्या काठावर उभा असलेला माणूस केवळ शोभेचे चित्र म्हणून पाहता येत नाही. बाहेरून चढलेल्या त्या तरुणाला एबेरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही; त्याच्या सूत्राचा अर्थ मात्र त्या दिवशी त्यानेच दाखविला.

म्हणून ‘रूफ कल्चर एशिया’ ही एक उत्कृष्ट पण अपुरी कृती आहे, असा माझा अभिप्राय आहे. भयाचे आणि संयमाचे तिने केलेले चित्रण आपल्या व्यायामशाळांतील मुलांनी अवश्य पाहावे. तिचे अनुकरण गच्च्यांवर जाऊन करू नये. मल्लखांबाची आखाड्याची शिस्त, खाली मऊ माती आणि शेजारी जाणता वस्ताद ह्यांच्यासह त्या विद्येतील चढणे, उतरणे आणि दुसऱ्यास उतरविणे ही अंगे शिकावीत.

आणि आपल्या देवस्थानांच्या उत्सवसमित्यांना एक विनंती करावीशी वाटते. कीर्तनकार, गायक, दशावतारी मंडळी ह्यांना आपण निमंत्रण धाडतो, बिदागी आधी ठरवितो, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापतो. त्याच रीतीने एखाद्या वर्षी जाणत्या वयाच्या डोंबाऱ्याला किंवा नटाला प्रांगणात बोलवावे. ठरलेल्या मानधनावर निमंत्रणाने केलेल्या प्रयोगास भिक्षा म्हणता येत नाही, एवढा कायदा ह्या कामी पुरेसा आहे. खेळ झाल्यावर गावातल्या व्यायामशाळेच्या मुलांना त्याने दोन दिवस तोलाचे धडे द्यावेत, त्याचेही मानधन निराळे द्यावे, आणि पत्रिकेत त्याचे नाव गायकाच्या नावाइतक्याच अक्षरात असावे.