‘सवय’ कोणाची? : तुरुंगाच्या नियमावलीचे एक वाचन

तुरुंगाची नियमावली हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे आपल्या समीक्षकांना कधी वाटले नाही. कवितेतल्या एकेका प्रतिमेवर पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्यांनी, जी भाषा माणसाच्या अन्नाची, झोपेची, शौचाची आणि श्रमाची व्यवस्था लावते तिच्याकडे पाठ फिरवली. वास्तविक समाजाचे खरे गद्य त्याच्या नियमांतच सापडते. तेथे अलंकार नसतात आणि संकोचही नसतो. ज्याच्याविषयी आपण लिहितो आहोत तो हे कधी वाचणार नाही, अशी लिहिणाऱ्याची खात्री असते. ती खात्री फार काळ खरी ठरली. म्हणूनच हे गद्य आता आपण वाचले पाहिजे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल दिला आणि अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये तुरुंगातील जातवार कामवाटपाचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. पुढे तोच प्रश्न घेऊन त्या न्यायालयात गेल्या. ज्या राज्यांकडून खुलासा मागवण्यात आला त्यांत महाराष्ट्रही होता. या निकालाचे स्वागत झाले आणि ते योग्यच झाले. पण स्वागताच्या गडबडीत त्या नियमांची भाषा मात्र कोणी नीट वाचली नाही.

ती अशी आहे. पश्चिम बंगालची नियमावली सांगे की कोठडीतल्या कैद्याचे अन्न ‘योग्य जातीच्या’ कैद्याने शिजवावे व वाहून न्यावे. झाडूकामासाठी मेहतर किंवा हारी जातीचे कैदी निवडावेत. जिल्ह्याच्या रूढीनुसार बाहेर तेच काम करणारे चांडाळादी लोकही चालतील. एखादा कैदी इतका उच्च जातीचा असेल की उपलब्ध आचाऱ्यांच्या हातचे त्याला चालत नाही, तर त्यालाच आचारी नेमावे. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये असे म्हटले होते. मात्र त्या कामाची ‘सवय’ असलेल्या वर्गातला तो असेल तर हरकत नव्हती. ही नियमावली 2022 ची, म्हणजे संविधान लागू होऊन 72 वर्षे लोटल्यानंतरची. आणि बंगालच्याच आणखी एका नियमात रात्रीच्या पहाऱ्यावर कोणाला नेमू नये याचे उदाहरण दिले होते : भटक्या जमातींची माणसे, कारण त्यांना पळून जाण्याची उपजत ओढ असते.

योग्य, सवय, ओढ. या तीन शब्दांत सगळी वर्णव्यवस्था उभी आहे. ‘योग्य’ म्हणजे ज्याच्या हातचे चालते तो. ‘ओढ’ म्हणजे ज्याचा गुन्हा त्याच्या जन्मातच आहे तो. आणि ‘सवय’ हा तर तिघांतला सर्वांत कावेबाज शब्द. सक्तीला सवय म्हटले की सक्ती करणारा मोकळा होतो. ज्याच्या बापजाद्यांच्या डोक्यावर गावाने मैल्याची पाटी ठेवली, त्याच्याविषयीच नियम म्हणतो की याला सवय आहे, याला त्याचे काही वाटत नाही. मनुस्मृतीला निदान देवाचा आणि धर्माचा आधार शोधावा लागला. नियमावलीला रूढीचा आधार पुरतो. जात कामे वाटून देत नाही, ती काम करणारी माणसेच जन्मावरून पायरीपायरीने लावते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले होते. तुरुंगाच्या भिंतीआड ही मांडणी शासनाच्या शिक्क्याने चालू राहिली.

हे नियम आले कोठून? 1855 साली बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा प्रयत्न झाला. विटाळाच्या भयाने कैदी खवळले. मुझफ्फरपूरला तर शहरातले लोकही उठले आणि अधिकाऱ्यांना लोटे परत करावे लागले. इंग्रज सरकारने त्यातून एक धडा घेतला : उच्च जातीच्या कैद्याची शुचिता सांभाळली तर तुरुंग शांत राहतो. संडास साफ करणाऱ्या कैद्याच्या रागाची मात्र कोणालाच भीती नव्हती. ज्याच्या दंगलीची भीती, त्याच्या भावनेचा नियम झाला आणि ज्याच्या नकाराची भीती नाही, त्याच्या अपमानाचाही नियम झाला. 1894 च्या कारागृह कायद्याखाली अशा नियमांना बळ मिळाले, आणि स्वराज्य आल्यावर नव्या छपाईत जुनी वाक्ये तशीच राहिली.

‘भटक्या जमाती’ या दोन शब्दांचा अर्थ आम्हा तिसगावकरांना कोशात शोधावा लागत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या या गावाच्या शेजारीच मढी आहे, कानिफनाथांची मढी. भटक्यांची पंढरी म्हणून तिची ओळख. फाल्गुनात तेथे यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो. वैदू, गोपाळ, कोल्हाटी, बेलदार, कैकाडी अशा कितीतरी जमातींची बिऱ्हाडे उतरतात. वर्षभर पोटामागे पांगलेली माणसे ठरल्या तिथीला एका ठिकाणी येतात, देणीघेणी मिटवतात, सोयरिकी जुळवतात. अशा माणसांविषयी सरकारी ग्रंथ म्हणतो की यांना पळण्याची ओढ आहे! ज्यांना गावाने राहू दिले नाही, पोलिसाने टिकू दिले नाही, त्यांचे हिंडणे हा त्यांच्या रक्ताचा दोष ठरला.

या दोषारोपाला इतिहास आहे. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा झाला आणि 1911 च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. हजेरी आली, दाखला आला, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि ही माणसे ‘विमुक्त’ झाली. पण आपल्या राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. ‘सराईत’ हा शब्द पाहा. सुताराचा हात सराईत असतो, लोहाराचा घाव सराईत असतो. तेथे तो गौरवाचा आहे. पारध्याला लावला की तोच शब्द त्याच्या जन्माची खूण होतो. सवय आणि सराव हे एकाच घरातले शब्द. म्हणजे बंगाल-उत्तर प्रदेशातला झाडूवाला आणि आपला पारधी यांना एकाच तर्काने बांधले आहे : एकाला घाणीची सवय, दुसऱ्याला गुन्ह्याची.

हा तर्क माणसाला कोठवर नेतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना पकडण्यात आले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. सोळा वर्षे गेली ती गेलीच.

आता मराठी साहित्याकडे वळू. आपले तुरुंगसाहित्य मोठे आहे. विनोबांची ‘गीता प्रवचने’ 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. आमच्या नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. या ग्रंथांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पण या परंपरेत तुरुंग ही तपोभूमी झाली आहे. सत्याग्रही कैद्याच्या हाती झाडू आला तर ते व्रत ठरते. ज्याच्या हाती तो नियमाने दिला, त्याचे चिंतन कोणी छापले? त्याला अक्षरच नव्हते. त्या बाजूचे जग मराठीत आले ते अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तून (1959) हजेरीच्या रूपाने, आणि पुढे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’तून (1987). पण ही पुस्तके प्रामुख्याने फाटकाबाहेरची आहेत. फाटकाच्या आत जातीने कामाची वाटणी कशी होते, याचे आत्मकथन अजून मराठीला हवे आहे.

आपल्या शासकीय मराठीचाही हिशेब घेतला पाहिजे. फर्लोला आपण ‘संचित रजा’ म्हणतो, शिक्षेतल्या सवलतीला ‘माफी’. संचित म्हणजे मागल्या जन्मीचे गाठोडे! कैदी घाम गाळून, शिस्त पाळून जे दिवस कमावतो त्याला आपली भाषा एकदा कर्मविपाकाचे नाव देते, एकदा मेहेरबानीचे. हक्क हा शब्द कोठेच येत नाही. आणि ही संचित रजा मिळवायची तर 1959 च्या नियमांप्रमाणे बाहेर सांभाळणारा नातेवाईक हवा, त्याचा जामीन हवा. ज्याचे बिऱ्हाड आज तिसगावच्या माळावर आणि उद्या शेवगावच्या वाटेवर, त्याने पालाचा पत्ता कोणता द्यायचा? नियमात जातीचे नाव नाही, पण पत्ता नसलेली जात त्याला नेमकी सापडते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 असेच आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ भोगला तर त्याला जामिनावर सोडावे, असे ते म्हणते; गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळून. सुधारणा चांगली आहे. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही वाट बंद. एका पारध्याच्या नावावर चार न उकललेल्या चोऱ्या चढवणे किती सोपे असते, हे कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. त्यांत विमुक्त किती, हे अहवाल सांगत नाही. त्यांचा रकानाच नाही.

निकालाची मर्यादा येथे दिसते. न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला, नियमावल्या तीन महिन्यांत सुधारायला सांगितल्या. 30 डिसेंबर 2024 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श नियमावलीत दुरुस्तीही केली. पण सराईत गुन्हेगाराची व्याख्या राज्यांच्या कायद्यांवर सोपवली गेली आणि ते कायदे उभेच राहिले. ‘सवय’ एका पुस्तकातून खोडली, दुसऱ्यात राहिली. शिवाय रकाना पुसल्याने वाटप बदलतेच असे नाही. आडनाव ऐकून काम सांगणाऱ्याला रकाना लागत नाही.

आकडेवारीसाठी जात नोंदवण्यास या आदेशाची आडकाठी नाही, असा खुलासा न्यायालयाने पुढे केला आहे. तोच धागा आपण पकडला पाहिजे. काम वाटण्यासाठी जात विचारणे हा अस्पृश्यतेचा गुन्हा आहे. अन्याय मोजण्यासाठी ती विचारणे ही न्यायाची पहिली पायरी आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहाची सुधारित नियमावली मागावी आणि संडास कोण धुतो, स्वयंपाकघरात कोण असतो, याचा हिशेब मागावा. वकिलांनी कलम 479 खाली अडलेल्या विमुक्तांच्या याद्या कराव्यात. शिक्षकांनी ‘सराईत’ हा शब्द वर्गात फळ्यावर लिहून त्याचे दोन अर्थ मुलांना विचारावेत. आणि जो आत राहून आला आहे त्याने लिहावे, अडखळत का होईना, आपल्या भाषेत लिहावे. तो हे कधी वाचणार नाही, अशी ज्यांची खात्री होती, त्यांना त्याचे उत्तर छापील अक्षरात मिळाले पाहिजे.